मीना कुमारी : गाण्यांतला आवाज दुसऱ्यांचा, या रेकॉर्डवरचा मात्र त्यांचा स्वतःचा

गेल्या नोव्हेंबरात आमच्या शाळेत उर्दू दिनाच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. नववीच्या मुलींनी आपल्या मनानेच ठरवलं की या वेळी मीना कुमारींवर काहीतरी सादर करायचं. दुसऱ्या दिवशी त्या गाणी निवडून आल्या. ‘बैजू बावरा’मधलं एक, ‘दिल अपना और प्रीत पराई’मधलं एक आणि ‘पाकीजा’मधली दोन. मी सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, की यात मीना कुमारींचा आवाज कुठे आहे?

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. आवाज लता मंगेशकरांचा. शब्द कुठे शकील बदायुनींचे, कुठे शैलेंद्रचे, कुठे मजरूह सुलतानपुरींचे. चाली नौशादसाहेबांच्या, शंकर-जयकिशनच्या, गुलाम मोहम्मद यांच्या. आपण ज्यांना मीना कुमारींची गाणी म्हणतो, त्यांत मीना कुमारींचा असतो तो चेहरा.

तेव्हा मला अब्बांची कॅसेट आठवली. कुणाकडून तरी रेकॉर्डवरून भरून घेतलेली. रात्री जेवणं आटोपली की अब्बा ती लावायचे आणि आम्ही भावंडं कंटाळून अंथरुणात शिरायचो. ना ढोलक, ना ठेका, एक बाई सावकाश काहीतरी म्हणत राहते, मध्येच गुणगुणते. लहानपणी मला वाटायचं ती रडतेय. आता चाळिशी ओलांडल्यावर तीच रेकॉर्ड पुन्हा शांतपणे ऐकली. इंटरनेटवर ती सहज मिळते. आणि जे रडणं वाटलं होतं ते भलतंच काही निघालं.

रेकॉर्डचं नाव ‘आय राइट, आय रिसाइट’. मी लिहिते आणि मीच म्हणते. साल १९७१. शब्द मीना कुमारींचे, आवाज मीना कुमारींचा, संगीत खय्याम यांचं. ३१ मार्च हा मीना कुमारींचा स्मृतिदिन. दरवर्षी या दिवशी त्यांचं दुःख, त्यांचं व्यसन आणि त्यांचं एकटेपण यावर पुष्कळ लिहिलं जातं. या वेळी ती रेकॉर्ड समोर ठेवून त्यांच्या आयुष्याकडे बघू या.

महजबीन

१ ऑगस्ट १९३३ रोजी मुंबईत एका गरीब घरात मुलगी झाली. नाव ठेवलं महजबीन बानो. वडील अली बक्ष हे पारशी थिएटरमधले जुने कलावंत. हार्मोनियम वाजवायचे, संगीताच्या शिकवण्या घ्यायचे, उर्दूत शायरी करायचे. सिनेमात किरकोळ भूमिका केल्या, ‘शाही लुटेरे’सारख्या चित्रपटाला संगीतही दिलं. आई इकबाल बेगम लग्नाआधी प्रभावती, त्याही रंगभूमीवरच्या नटी आणि नर्तकी. घरात कला भरपूर होती, पैसा नव्हता. मोठी मुलगी खुर्शीद, दुसरी महजबीन, धाकटी महलिका, जिला पुढे सगळे मधुरी म्हणू लागले. दुसऱ्या खेपेला मुलगा होईल अशी वडिलांची आशा होती. सांगतात, की तान्ह्या महजबीनला ते अनाथाश्रमाच्या दारात ठेवून आले आणि थोड्या वेळाने जीव राहवेना म्हणून परत जाऊन उचलून आणलं.

घर चालेना तेव्हा मुलींना स्टुडिओत न्यायला सुरुवात झाली. प्रकाश पिक्चर्सच्या विजय भट्ट यांनी १९३९च्या ‘लेदरफेस’मध्ये महजबीनला घेतलं. पहिल्या दिवसाचे पंचवीस रुपये मिळाले. त्या काळात त्या घरासाठी ही रक्कम लहान नव्हती. त्या दिवसापासून घराची चूल बऱ्याच अंशी या पोरीच्या कमाईवर पेटू लागली. पुढच्या वर्षी ‘एक ही भूल’च्या वेळी विजय भट्टांनीच तिचं नाव बदलून बेबी मीना केलं.

शिकवणाऱ्या माणसाला इथे थांबावंसं वाटतं. महजबीनला सिनेमात जायचं नव्हतं, तिला शाळेत जायचं होतं. शाळेत घातलंही होतं, पण शूटिंगचा बोलावा आला की शाळा बुडायची. असं होता होता शाळा सुटलीच. पुढे घरी शिकवणीवर जमेल तेवढं शिक्षण झालं. बाकीचं तिने आपलं आपण मिळवलं, हाती पडेल ते वाचून. हजेरीपटावर ज्या नावापुढे सारखं गैरहजर लिहावं लागतं, अशी मुलं आजही आमच्या वर्गात आहेत. कुणी आईबरोबर घरी शिवणाचं काम करतं, कुणी पॅकिंगला जातं. ती मुलं मंद नसतात. घराला त्यांचे पैसे लागतात, एवढंच.

गाणारी मुलगी गप्प झाली

फार जणांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे ही मुलगी गायचीसुद्धा. वडील संगीताचे शिक्षक, त्यामुळे कानावर सूर होतेच. १९४१ साली मेहबूब खान यांच्या ‘बहन’मध्ये अनिल विश्वास यांच्या संगीतात बेबी मीनाने गाणं गायलं. चाळिशीच्या दशकातल्या ‘दुनिया एक सराय’सारख्या काही चित्रपटांतही तिचा आवाज आहे.

१९४६च्या ‘बच्चों का खेल’पासून बेबी मीनाची मीना कुमारी झाली. १९४७च्या मार्चमध्ये आईचा इंतकाल झाला. त्यानंतरची काही वर्षं पौराणिक चित्रपटांत गेली. ‘वीर घटोत्कच’, ‘श्री गणेश महिमा’, ‘हनुमान पाताल विजय’. मुस्लिम घरातली ही मुलगी देवादिकांच्या कथांत काम करत होती आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

याच काळात हिंदी सिनेमात पार्श्वगायनाची पद्धत पक्की झाली. गाणार एक, ओठ हलवणार दुसरी. सोय म्हणून ती उत्तमच होती, तिच्यामुळे आपल्याला लता, गीता दत्त, आशा मिळाल्या. पण तिचा एक परिणाम असाही झाला, की ज्या नट्या स्वतः गात होत्या त्यातल्या बऱ्याच जणींचे गळे बंद झाले. मीना कुमारी त्यातल्याच एक. पुढची वीस वर्षं त्या दुसऱ्यांच्या गळ्यातून गात राहिल्या, आणि इतकं मनापासून, की बघणाऱ्याला तो आवाज त्यांचाच वाटावा.

महाबळेश्वरहून परतताना

२१ मे १९५१. महाबळेश्वरहून मुंबईला परतताना मीना कुमारींच्या मोटारीला अपघात झाला. त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात दाखल केलं. डाव्या हाताला जबर मार बसला होता, करंगळी कायमची बिघडली. पुढे त्यांचे चित्रपट नीट पाहिले तर लक्षात येतं, की तो हात नेहमी पदराआड, ओढणीच्या घडीत किंवा दुसऱ्या हाताखाली असतो. प्रेक्षकांना ती अदा वाटली. खरं तर ती एका विशीही न गाठलेल्या मुलीने शोधलेली युक्ती होती. कॅमेऱ्यापासून एक बोट लपवायचं, आणि ते लपवतोय हे कळूही द्यायचं नाही.

त्या दवाखान्यात लेखक-दिग्दर्शक कमाल अमरोही भेटायला येत. ‘महल’चे दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव झालेलं होतं. वाचनाची भूक असलेल्या मुलीला शब्दांत रमणारा माणूस भेटला. १४ फेब्रुवारी १९५२ रोजी दोघांचा निकाह झाला, अगदी गुपचूप. कमालसाहेब चौतिशीचे, आधीचं कुटुंब असलेले. मीना अठरा वर्षांच्या. वडिलांना समजलं तेव्हा घरात मोठं वादळ झालं आणि पुढच्या वर्षी मीना कुमारी वडिलांचं घर सोडून पतीच्या घरी गेल्या.

निकाहाच्याच वर्षी ‘बैजू बावरा’ आला. दिग्दर्शक तेच विजय भट्ट, ज्यांनी तिला बेबी मीना केलं होतं. चित्रपट तुफान चालला. १९५४ साली फिल्मफेअर पुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले तेव्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिला मान मीना कुमारींना मिळाला. लगेच ‘परिणीता’साठी दुसरा. पुढे ‘साहिब बीबी और गुलाम’ आणि ‘काजल’साठी आणखी दोन. १९६३च्या सोहळ्यात तर अशी गंमत झाली, की अभिनेत्रींच्या यादीत तिन्ही नामांकनं एकट्या मीना कुमारींची होती, ‘आरती’, ‘मैं चुप रहूंगी’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’. कुणीही जिंकलं तरी त्याच जिंकणार होत्या.

त्यांना ट्रॅजेडी क्वीन म्हटलं गेलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पण ‘आझाद’, ‘मिस मेरी’ किंवा ‘कोहिनूर’ बघा. दिलीपकुमारांसमोर, जेमिनी गणेशनसमोर किती मोकळेपणाने खट्याळपणा करतात! हसवणं त्यांना उत्तम जमत होतं. मागणी रडवण्याला होती, म्हणून तेच जास्त मिळत गेलं. बाजाराने एकदा शिक्का मारला की माणसाला दुसरं काही येतं हे कुणी विचारत नाही.

तखल्लुस नाज

शूटिंगच्या मधल्या वेळात मीना कुमारींच्या हातात पुस्तक असायचं. शाळा अर्धवट सुटलेल्या या बाईने उर्दू शायरी मनापासून वाचली आणि हळूहळू स्वतः लिहायला लागली. तखल्लुस घेतलं नाज. डायऱ्या भरत गेल्या. घरातली माणसं, दिग्दर्शक, निर्माते, चाहते या सगळ्यांच्या गर्दीत ती एक वही अशी होती, जिथे कुणी संवाद लिहून देणारं नव्हतं.

विचार करून बघा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसऱ्याने लिहिलेलं बोलायचं, दुसऱ्याने गायलेल्यावर ओठ हलवायचे, तिसरा सांगेल तिथे उभं राहायचं. पैशाचा हिशेबही आपल्या हातात नाही, आधी वडील बघायचे, मग पती. अशा जगण्यात रात्री दिव्याखाली बसून चार ओळी आपल्या लिहिणं, हा छंद नव्हता. मला तर तो श्वास वाटतो.

त्या लोकांना दाखवण्यासाठी लिहीत नव्हत्या. हयातीत त्यांचा एकही दीवान निघाला नाही. शायरा म्हणून मुशायऱ्यांत मिरवावं असंही त्यांनी केलं नाही.

तुटलेलं घर, रखडलेला चित्रपट

१९६४च्या मार्चमध्ये मीना कुमारी पतीपासून वेगळ्या झाल्या. दोघांत काय काय झालं याच्या कहाण्या आजही मोठ्या चवीने सांगितल्या जातात. त्यातल्या ऐकीव गोष्टी आपण आणखी पुढे कशाला न्यायच्या? एवढं खरं, की पतीच्या घरात त्यांच्या येण्याजाण्यावर, भेटीगाठींवर बंधनं होती आणि एक दिवस त्या निघाल्या त्या परत गेल्या नाहीत.

झोप न येण्याचा त्रास आधीपासून होता. डॉक्टरांनी झोपेसाठी थोडी ब्रँडी सुचवली आणि तिथून व्यसन लागलं, असं सांगतात. यकृत खराब झालं. १९६८ साली लंडनला जाऊन उपचार घ्यावे लागले. परत आल्यावर बांद्र्याला कार्टर रोडवर त्यांनी घर घेतलं. कमावायला लागून तीस वर्षं होत आली होती, तेव्हा कुठे स्वतःचं म्हणता येईल असं घर मिळालं.

आणि ‘पाकीजा’ तसाच पडून होता. मुहूर्त झाला होता १९५६ साली, नवरा-बायकोच्या चांगल्या दिवसांत. आधी ब्लॅक अँड व्हाइट, मग रंगीत, मग सिनेमास्कोप, असं करत गाडी पुढे सरकत होती, ती दोघं वेगळी झाल्यावर थांबली. कॅमेरामन जोसेफ विर्शिंग १९६७ला वारले. संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ला गेले. सुनील दत्त आणि नर्गिस यांनी चित्रित झालेला भाग पाहिला आणि हा चित्रपट पुरा झालाच पाहिजे असा आग्रह धरला. १९६९च्या मार्चमध्ये मीना कुमारी पुन्हा सेटवर उभ्या राहिल्या, नाममात्र मोबदला घेऊन. अंगात ताकद नव्हती. शेवटच्या नाचातल्या बऱ्याच भागात त्यांच्या जागी पद्मा खन्ना आहेत.

दोन रेकॉर्डी

‘पाकीजा’ची रेकॉर्ड आपल्यापैकी कित्येकांच्या घरात होती. लग्नघरात वाजायची, हॉटेलात वाजायची. तिची एक वेगळीच करुण कथा आहे. गुलाम मोहम्मद मूळचे बिकानेरचे, तालवाद्यांतले उस्ताद. कितीतरी वर्षं नौशाद यांचे सहायक. ‘मिर्झा गालिब’चं संगीत त्यांचंच. ‘पाकीजा’ त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम, आणि ते पडद्यावर येण्याआधीच ते गेले. उरलेलं काम आणि पार्श्वसंगीत नौशादसाहेबांनी पुरं केलं. पुढे फिल्मफेअरने संगीताचा पुरस्कार ‘बेईमान’ला दिला, तेव्हा त्याच चित्रपटासाठी स्वतःला मिळालेला पुरस्कार अभिनेते प्राण यांनी नाकारला. गुलाम मोहम्मद यांच्यावर अन्याय झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतःची बाहुली परत करून मेलेल्या माणसाची बाजू घेणारे लोक या धंद्यात होते, हेही मुलांना सांगायला हवं. चित्रपटात न घेतलेली गुलाम मोहम्मद यांची गाणी १९७७ साली ‘पाकीजा रंग बरंग’ या नावाने रेकॉर्डवर आली. ती ऐकली की कळतं, हा माणूस केवढं काम मागे ठेवून गेला होता.

‘पाकीजा’ शेवटाकडे येत होता त्याच सुमारास मीना कुमारींची स्वतःची रेकॉर्ड निघाली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ऐका. ‘पाकीजा’त साहिबजानचा आवाज लताबाईंचा, शब्द शायरांचे, काही पावलंसुद्धा दुसरीची. ‘आय राइट, आय रिसाइट’मध्ये चेहरा दिसतच नाही, बाकी सगळं त्यांचं आहे. ज्या चेहऱ्यासाठी लोक तिकीट काढत होते तो चेहरा या बाईने बाजूला ठेवला आणि म्हटलं, आता नुसतं ऐका.

संगीतकार म्हणून खय्याम लाभले हे नशीब. मीना कुमारींनी दिलीपकुमारांबरोबर १९५३च्या ‘फुटपाथ’मध्ये काम केलं, त्यातली गाणी खय्याम यांचीच होती. शब्दांवर प्रेम करणारा संगीतकार. या रेकॉर्डमध्ये त्यांनी साज मागे ठेवले आहेत. वाद्यं आहेत, पण दबक्या पावलांनी चालणारी. बाई बोलते तेव्हा ती अदबीने थांबतात. काही रचना त्या नुसत्या म्हणतात, काही तरन्नुममध्ये गातात. चाळिशीच्या दशकात गप्प झालेला गळा तब्बल पंचवीस वर्षांनी असा उघडला.

आवाज खालच्या पट्टीतला, थोडा थकलेला. गायिकेचा तयार गळा नाही, आणि तसा आवही नाही. पण तलफ्फुज बघा. काफ, खे, गैन, प्रत्येक हर्फ आपापल्या जागेवरून येतो. उर्दू माध्यमाच्या मुलांकडून आम्ही वर्षभर जे घोटून घेतो ते इथे किती सहज आहे. ज्या मुलीची शाळा शूटिंगने खाल्ली, तिने भाषा मात्र हातची जाऊ दिली नाही.

शब्द सोपे. चंद्र, रात्र, रस्ता, दिवसाचे तुकडे, रिकामं दुकान, अशा रोजच्या वस्तू. अवघड फारसी शब्दांचा दिखावा नाही. एखादी ओळ म्हणून झाल्यावर त्या थांबतात, आणि ते थांबणं फार मोलाचं आहे. लहानपणी मला तिथे हुंदका ऐकू यायचा. आता ऐकते तेव्हा तिथे हुंदका नसतोच. आपण लिहिलेल्या मिसऱ्यावर खूश असलेली, पुढचा मिसरा नेमका कुठे ठेवायचा हे ठाऊक असलेली एक लेखिका तिथे श्वास घेते. दुःख आहेच, आणि ते खोटं नाही. पण त्या दुःखाला वजनात बसवणारी, त्याचा काफिया शोधणारी बाई त्या दुःखाखाली चिरडलेली असू शकत नाही, निदान तेवढ्या वेळापुरती तरी. पडद्यावर डोळ्यांतून पाणी काढण्याचे पैसे मिळत होते. या रेकॉर्डवर त्या कोरड्या डोळ्यांनी बोलतात.

शायरी म्हणून ती मीर-गालिबच्या पंगतीत बसते असा दावा कुणी करू नये. कधी कधी एकच प्रतिमा पुन्हा पुन्हा येते, कधी नज्म मध्येच सैल पडते. पण ती उसनी नाही. दुसऱ्याच्या शब्दांवर वीस वर्षं नाव कमावलेल्या माणसाने स्वतःचे साधे शब्द लोकांसमोर ठेवायला केवढी हिंमत लागत असेल!

मझगावचं कब्रस्तान

४ फेब्रुवारी १९७२ रोजी मुंबईच्या मराठा मंदिरमध्ये ‘पाकीजा’ लागला. सुरुवातीला प्रतिसाद बेताचाच होता. मार्चअखेर मीना कुमारींची प्रकृती खूप खालावली. नर्सिंग होममध्ये दाखल केलं. ३१ मार्च १९७२ रोजी त्यांचा इंतकाल झाला. वय अवघं अडतीस. त्यानंतर ‘पाकीजा’ला अशी गर्दी लोटली, की तो त्या काळातला मोठा यशस्वी चित्रपट ठरला. लाखो कमावलेल्या या बाईच्या हाती शेवटी फारसं काही उरलं नव्हतं. ज्यांच्यासाठी ती लहानपणापासून राबली, आणि पुढे ज्यांनी तिच्याभोवती गर्दी केली, त्या सगळ्यांचा हिशेब करायला गेलं तर मन कडू होतं.

मझगावच्या रहमताबाद कब्रस्तानात त्यांची कबर आहे. १९९३ साली कमाल अमरोहींचा इंतकाल झाला, तेव्हा त्यांनाही तिथेच त्यांच्या शेजारी दफन केलं.

जाताना त्यांनी आपल्या डायऱ्या गुलजार यांच्याकडे सोपवल्या. १९७१च्या ‘मेरे अपने’ या गुलजार यांच्या पहिल्या चित्रपटात त्यांनी म्हाताऱ्या आनंदीची भूमिका केली होती. पैसा, दागिना, घर यांचं पुढे काय झालं ते होवो, वह्या कुणाच्या हाती द्यायच्या हे मात्र त्यांनी स्वतः ठरवलं होतं. त्या वह्यांतली शायरी गुलजार यांनी निवडून ‘तनहा चाँद’ नावाने प्रकाशित केली. म्हणजे त्यांच्याकडचं जे खरोखर त्यांचं होतं ते दोनच ठिकाणी राहिलं, एका पुस्तकात आणि एका रेकॉर्डवर.

कितवीपर्यंत?

आमच्या उर्दू दिनाच्या कार्यक्रमात शेवटी मुलींनी गाणी वाजवली नाहीत. ही रेकॉर्ड वाजवली, थोडीशीच. आधी वाटलं होतं की पोरं कंटाळतील, चुळबुळ करतील. काहींनी केलीही. पण मागच्या बाकांवरून एक मुलगी कार्यक्रमानंतर माझ्याकडे आली. तिनेच त्या दिवशीचा फलक लिहिला होता, तिचं अक्षर पूर्ण वर्गात सुंदर. तिने विचारलं, की मीना कुमारी कितवीपर्यंत शिकल्या होत्या?

मी सांगितलं, की शाळा लहानपणीच सुटली, घरी कमावणारं कुणी नव्हतं म्हणून. ती काही बोलली नाही, नुसती मान हलवली.

त्या मुलीची हजेरी दिवाळीपासून कमी होत चालली आहे. घरी ड्रेसला टिकल्या-मोती लावायचं काम येतं. चार हात कामाला लागले तर महिन्याला बरे पैसे होतात. मी आणि आमच्या एक सहकारी तिच्या घरी दोनदा जाऊन आलो. तिची अम्मी वाईट नाही, आमच्यासाठी चहा केला, सगळं ऐकून घेतलं आणि नववीनंतर बघू म्हणाली. आम्ही शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून दिला आहे, वह्या-पुस्तकांची जबाबदारी घेतली आहे.

मीना कुमारींच्या नावाने हळहळ करणं सोपं आहे. त्यांच्या वाट्याला आलेली पहिली गोष्ट मात्र आपल्या मोहल्ल्यात आजही चालू आहे, आणि ती थांबवणं थोडंफार आपल्या हातात आहे. जमलं तर या ३१ मार्चला घरातल्या मुलींना जवळ बसवून ती रेकॉर्ड ऐका. मीना कुमारींच्या मगफिरतीसाठी दुआ करा. आणि मग घरातल्या, शेजारच्या मुलींची शाळा कुठवर आली आहे, हे एकदा विचारा.

जूनमध्ये दहावीचा वर्ग सुरू होईल. पहिल्या दिवशी हजेरी घेताना ते सुंदर अक्षराचं नाव पुकारलं की उत्तर येतं का, याकडे माझा कान लागलेला असेल.